डिसेंबरचं आकाश: या चुका टाळा

"कसला उल्कावर्षाव! तासभर मान वर करून बसलो, चार उल्काही दिसल्या नाहीत." दर डिसेंबरात हे ऐकू येतं. बहुतेक वेळा दोष आकाशाचा नसतो, घड्याळाचा असतो.

मिथुन राशीतल्या उल्का सहसा 13 डिसेंबरच्या रात्रीपासून 14 च्या पहाटेपर्यंत सर्वांत जास्त पडतात. '14 डिसेंबरला उल्कावर्षाव' एवढंच वाचलेली माणसं 14 च्या संध्याकाळी तयारीनिशी बाहेर पडतात, तेव्हा भरातली पहाट उलटून गेलेली असते. मध्यरात्री तारीख बदलते, हे लक्षातच येत नाही. शिवाय ज्या बिंदूतून या उल्का फुटल्यासारख्या वाटतात, तो पुनर्वसूतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ असतो. संध्याकाळी तो क्षितिजालगत आणि रात्री दोनच्या सुमारास सर्वांत उंच. आठ-नऊला बघून परत फिरलात तर हाती फारसं लागणार नाही. (दक्षिण गोलार्धात तो उशिरा उगवतो आणि फार वर येत नाही, तिथे उल्का कमीच दिसतात.)

त्याच बिंदूकडे टक लावून बसणं ही आणखी एक चूक. तिथल्या उल्कांच्या रेघा आखूड दिसतात. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश आकाश झाकते. अशा चार-पाच मुठी बाजूला, आकाशाचा जो भाग सर्वांत काळा असेल तिकडे पाहा. दुर्बीण घरीच राहू द्या. तिच्यातून आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो आणि उल्का नेमकी त्याच्या बाहेर पडते. आडवं पडून नुसत्या डोळ्यांनी पाहण्यासारखं सुख नाही. बातम्यांतला 'ताशी 120 ते 150' हा आकडा मात्र मनावर घेऊ नका. अगदी काळं आकाश आणि तो बिंदू थेट डोक्यावर, असं गृहीत धरून तो काढलेला असतो. चंद्राचा त्यात हिशेबच नाही! म्हणून निघण्याआधी चंद्राची कला पाहा.

मिनिटभर शांतपणे सरकत जाणारा ठिपका उपग्रह असतो. उल्का एक-दोन सेकंदांत संपते.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात. मध्येच फोन उघडला की ती सगळी मेहनत वाया. नकाशा पाहावाच लागला तर मंद लाल उजेडात पाहा. छापील तारानकाशात पूर्व-पश्चिम उलट दिसतात, कारण तो टेबलावर ठेवून नव्हे, डोक्यावर धरून पाहायचा असतो. आणि त्यावरची वेळ वाचा. तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, त्यामुळे 1 डिसेंबरला रात्री दहाला दिसणारं आकाश महिनाअखेरीस आठलाच हजर असतं.

रंगीबेरंगी लुकलुकणारा 'गूढ दिवा' दिसला तर तो बहुधा व्याध हा तेजस्वी तारा. क्षितिजाजवळ जाड हवेतून येताना त्याचा प्रकाश असा थरथरतो. खात्री करायची तर मृगातल्या बाणाच्या तीन तारकांची रेघ पुढे वाढवा, ती व्याधाकडे जाते. उलट दिशेला वाढवली की रोहिणी आणि तिच्यापलीकडे कृत्तिकांचा पुंजका.

देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह) शोधणाऱ्यांची निराशा मात्र मला समजते. फोटोत पाहिलेलं ते भव्य चक्र डोळ्याला एक फिकट डागच दिसतं, आणि रोखून पाहिलं की तोही विरतो! दृष्टीच्या मधोमध मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी जवळपास नसतातच. थोडं बाजूला पाहा, डाग परत येतो. तो प्रकाश सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

अशा गोष्टी पाहायला द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांना लावायची दुर्बीण) नेली असेल, तर परतल्यावर तिच्या काचांवरचं दव पुसू नका, ओरखडे पडतात. काचा उघड्या ठेवून वाळू द्या आणि मगच झाकणं लावा.