इकॉलॉजी-इव्होल्यूशनच्या प्रॅक्टिकलमध्ये या चुका टाळा

जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, तपासताना मी आधी शेवटचं पान उघडते. निष्कर्ष वाचला की मागचे आकडे शिवारात मोजलेत की होस्टेलच्या खोलीत बसून, ते लगेच कळतं. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या मुलांची प्रॅक्टिकल घेता घेता त्याच त्या चुका पाहून डोळे दुखायला लागले, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात पहिली चूक क्वाड्रॅटची. एक मीटर बाय एक मीटरची चौकट घ्यायची, डोळे मिटून फेकायची, पडेल तिथली झाडं मोजायची. "डोळे मिटूनच फेकलं नं मॅडम." अरे बाबू, डोळे मिटले, पण उभा कुठं होतास? पायवाटेवर. हातानं बोरीच्या काट्यांकडे कधी फेकलंय का? एका वर्षी अख्ख्या बॅचच्या यादीत तरोटा पहिला, गाजरगवत दुसरं. बांधापलीकडे कमरेएवढं कुसळी गवत उभं होतं, त्याची एका जर्नलात नोंद नाही. त्या मुलांनी पायवाटेची कड मोजली आणि वर मथळा दिला 'माळरानावरील वनस्पतींचा अभ्यास'.

मी खिशातल्या नोटा काढायला लावते. नोटेच्या नंबरातले शेवटचे चार आकडे घ्यायचे. पहिले दोन म्हणजे मैदानाच्या कडेला ताणलेल्या दोरीनं तेवढी पावलं, पुढचे दोन म्हणजे तिथून आत तेवढी पावलं. चौकट तिथंच ठेवायची. जागा मैदानाबाहेर गेली तर दुसरी नोट. काट्यात आली तर काट्यातच जायचं, बूट घालून, आधी काठी आपटून. पावसाळ्यात आपल्याकडे गवतात काय बसलेलं असतं ते मी सांगायला नको. दिवाळीनंतर 'मॅडम, तरोटा वाळला' म्हणत येऊ नका. तो वाळणारच.

डेन्सिटी आणि अबंडन्सची अदलाबदल दरवर्षी होते. 10 चौकटी टाकल्या, तरोटा 4 चौकटींत सापडला, एकूण झाडं 60. फ्रीक्वेन्सी, म्हणजे किती चौकटींत सापडला ते, 40 टक्के. डेन्सिटी काढताना 60 ला सगळ्या 10 चौकटींनी भागायचं, उत्तर 6. अबंडन्स काढताना फक्त त्या 4 चौकटींनी, उत्तर 15. हरळीची मात्र झाडं मोजत बसू नका. जमिनीखालून सगळी एकच असू शकते. चौकटीचा किती भाग तिनं व्यापलाय तेवढं लिहा.

कच्ची वही पेन्सिलनं लिहा. शाई पावसात पसरते.

आता पाण्यातल्या ऑक्सिजनबद्दल. इथं माझा पारा चढतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत 1888 ची आहे, आणि तिचा सगळा जीव तलावाच्या काठावर आहे. आमचा एक विद्यार्थी गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत घेऊन आला. अर्धी बाटली पाणी, अर्धी हवा, पिशवी मोटरसायकलच्या हँडलला, आणि रस्ता आपल्याकडचा. लॅबमध्ये टायट्रेशन करून त्यानं लिटरमागे 7.2 मिलिग्रॅम काढला आणि 'पाणी माशांसाठी उत्तम' असं लिहून टाकलं. साधारण 30 अंश सेल्सिअसच्या पाण्यात हवेतून विरघळून राहील असा ऑक्सिजनच मुळी 7.5 मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे त्यानं तलाव मोजलाच नव्हता, घुसळलेली बाटली मोजली होती.

मी त्या पोरांना घेऊन उजाडायच्या आत तलावावर गेले. पाण्यावर जलपर्णी पसरलेली, आणि मोकळ्या पट्ट्यात मासे तोंड वर काढून आ वासत होते. जाळं आवरणारे एक ढिवरकाका म्हणाले, "सकारी असेच वर येते, बाई. दुपारी नाही दिसत." रात्रभर सगळे श्वास घेतात, प्रकाशसंश्लेषण बंद असतं, म्हणून पहाटे ऑक्सिजन सगळ्यात खाली. ऑक्सिजन मोजायची 300 मिलिलिटरची घट्ट बुचाची बाटली, जिला बीओडी बाटली म्हणतात, ती पाण्याखाली बुडवून भरली, बुडबुडा राहू दिला नाही, काठावरच मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घातलं, बूच लावून उलटसुलट केली. ऑक्सिजन असेल तर खाली बसणारा साका तपकिरी होतो. इथं तो जवळजवळ पांढराच बसला. "काऊन रे, उत्तम पाणी?" मी विचारलं. पोरगा बाटलीकडे बघत राहिला.

साका एकदा बसला की मग बाटली अंधारात, थंड ठेवून लॅबमध्ये आणता येते. आम्ल तिथं घाला. स्टार्च मात्र टायट्रेशन करता करता द्रावण फिकट पिवळं झाल्यावरच टाका. सुरुवातीलाच टाकणाऱ्यांना घरी जायची घाई असते, असा माझा अनुभव आहे. आणि किती वाजता पाणी घेतलं ती वेळ लिहा, वेळेशिवाय तो आकडा बिनकामाचा.

बर्लीज फनेलमध्ये, म्हणजे बल्बच्या उष्णतेनं मातीतले किडे खाली उतरवणाऱ्या नरसाळ्यात, मोठा बल्ब लावू नका, किडे खाली उतरायच्या आधीच भाजून मरतात. नाकतोड्यांची एकूण संख्या काढायला त्यांच्यावर नेलपॉलिशची खूण करून सोडलं की लगेच तिथंच जाळी मारू नका. खूण केलेलेच जास्त सापडतात आणि हिशेबात एकूण संख्या खूप कमी निघते. त्यांना रात्रभर मिसळू द्या.

हार्डी-वाइनबर्गला, म्हणजे निवड वगैरे नसेल तर जनुकांच्या रूपांचं प्रमाण पिढ्यानपिढ्या तेच राहतं हे दाखवायला, दोन रंगांचे मणी नसतात, म्हणून पोरं घरून तूर आणि हरभरा आणतात. कल्पना चांगली, दाणे चुकीचे. हरभरा मोठा, बोटांना तोच आधी लागतो. एका गटात काही पिढ्यांत तूर संपलीच, आणि त्यांनी लिहिलं 'नैसर्गिक निवड सिद्ध झाली'. निवड त्यांच्या बोटांनी केली होती! एकाच पोत्यातलं सोयाबीन घ्या, निम्म्या दाण्यांवर मार्करनं ठिपका द्या, न बघता दोन-दोन काढा, लिहा, परत टाका, ढवळा. परत न टाकता पुढची जोडी काढणारे दरवर्षी निघतात.

100 जोड्यांत दोन्ही ठिपक्यांच्या, मिश्र आणि बिनठिपक्यांच्या जोड्या बरोबर 25, 50, 25 आल्या असं सगळ्या गटांनी लिहिलं की मी सगळ्यांना परत पाठवते. थोडं इकडंतिकडं व्हायलाच हवं. किती चालेल ते काय-स्क्वेअर, म्हणजे अपेक्षित आणि मिळालेल्या आकड्यांतला फरक तपासणारी चाचणी, सांगते. दाणे निम्मे-निम्मे आधीच ठरलेले असतील तर डिग्री ऑफ फ्रीडम (मोकळेपणानं बदलू शकणारे आकडे) 2 आणि 5 टक्के पातळीची मर्यादा 5.99. काय-स्क्वेअर त्याच्या वर गेला तर फरक नुसता योगायोगाचा धरत नाहीत. प्रमाण आपल्याच नमुन्यातून काढलं असेल तर 1 आणि 3.84. 3.84 सगळीकडे चिकटवू नका.

जेनेटिक ड्रिफ्ट, म्हणजे नुसत्या योगायोगानं प्रमाण बदलणं, करताना दर पिढीला 10 च दाणे पुढं न्या. ठिपका नाहीसा झाला तर घाबरून आकडे बदलू नका, तेच तर बघायचं आहे. मग 100 दाणे पुढं नेऊन तोच खेळ करा.