डेक्साचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना या चुका टाळा

"दोन वर्षं गोळ्या गिळल्या, तरी हाडं आणखी खालीच गेली. बंद करते आता!" कोथरूडहून आत्याचा फोन. मी म्हटलं, थांब, आधी फाइल बघू दे.

फाइलमध्ये डेक्साचे, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीचे, दोन रिपोर्ट होते. पहिला डेक्कनजवळच्या एका सेंटरचा, दुसरा घराजवळच्या. का, तर तिथे ज्येष्ठांना सवलत होती. (पुणेकराला सवलत दिसली की पाय आपोआप वळतात.) नेमकी इथेच पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक होते. वेगवेगळ्या कंपन्यांची डेक्सा मशीन एकाच मणक्याची घनता वेगवेगळी दाखवतात. फरक दहा टक्क्यांच्या वरही जाऊ शकतो. औषधाने दोन वर्षांत होणारा बदल बहुतेकदा त्याहून कमी असतो. म्हणून पहिली तपासणी जिथे केली तिथेच, त्याच मशीनवर, पुढचीही करावी. खुबा डावा की उजवा, कंबरेचे चार मणके (एल-१ ते एल-४) सगळे धरले की एखादा वगळला, हेही दोन्ही रिपोर्टांत जुळलं पाहिजे.

समजा मशीन तेच आहे. आधी कंबरेच्या मणक्यांची घनता ०.७४२ होती, आता ०.७२८ आली. घसरण झाली का? हिशोब केला तर फरक जेमतेम २ टक्के. त्याच बाईला टेबलावरून उठवून पुन्हा झोपवलं तरी आकडा इतका हलू शकतो. साधारण ३ ते ५ टक्क्यांच्या आतला फरक बदल म्हणून धरत नाहीत. नेमकी मर्यादा प्रत्येक सेंटरची वेगळी असते. ती विचारायला लाजू नका. तुलना करायची ती या घनतेच्या आकड्याची, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम त्याची. आपण मात्र टी-स्कोअरला, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेल्या आकड्याला, धरून बसतो. उणे २.५ किंवा त्याखालचा टी-स्कोअर म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार), ही व्याख्या निदानापुरती ठीक आहे. औषध चालू असताना आकडा जागच्या जागी राहिला, तर तेही यशच. औषधाविना तो खाली गेला असता.

उलटही होतं. सत्तरीत मणक्यांची झीज होऊन कडेला हाड वाढतं, एखादा मणका दबतो, आणि घनता फुगून दिसते. घरात पेढे येतात! अशा वेळी खुब्याचा आकडा जास्त विश्वासाचा.

शिबिरात टाचेवर लावतात त्या मशीनचा आकडा डेक्साशी जुळवू नका. औषधाचा परिणाम त्यावर कळत नाही. दर सहा महिन्यांनी डेक्सा करण्यातही अर्थ नसतो. औषध सुरू केल्यावर वर्ष-दोन वर्षांनी पुरते. स्टेरॉइड चालू असतील तर डॉक्टर लवकर सांगतील. तपासणीच्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी घेऊ नका, बेरियम पिऊन किंवा कॉन्ट्रास्टचं औषध देऊन केलेली तपासणी नुकतीच झाली असेल तर आधी सांगा, आणि परकराला लावलेली सेफ्टी पिन काढा.

आकडा खरंच घसरला, तर औषध बदलण्याआधी गोळी कशी घेतली जाते ते बघा. आत्या आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी सकाळच्या चहाबरोबर घ्यायची! ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचंही नाही. चहाबरोबर ती अंगी फारशी लागतच नाही. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.

रिपोर्ट बरा आला म्हणून स्वतःच्या मनाने औषध थांबवणं तर फार महागात पडतं. गोळ्यांना काही वर्षांनी डॉक्टर सुट्टी देऊ शकतात, पण डेनोसुमॅबच्या सहामाही इंजेक्शनला अशी सुट्टी नसते. ते लांबलं किंवा बंद केलं की हाडं झपाट्याने झिजतात, मणके एकामागून एक दबू शकतात. तारीख कालनिर्णयवर मोठ्या अक्षरांत लिहा.

आणि दरवर्षी भिंतीला पाठ टेकवून उंची मोजा. दोन सेंटिमीटर कमी भरली, तर पुढच्या डेक्साची वाट न बघता पाठीचा एक्स-रे काढायचा का, हे डॉक्टरांना विचारा. मणका दबला तरी पुष्कळदा दुखत नाही.