लेंडी बांधीव असली तरी पापणी पाहा: पावसाळ्यात शेळ्या-मेंढ्यांतील जंत

शेळीची लेंडी बांधीव आहे म्हणजे पोटात जंत नाहीत, हा समज पावसाळ्यात फार महागात पडतो. या दिवसांत सर्वाधिक घात करणारा हिमोंकस हा जंत हगवण लावतोच असे नाही. तो पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली, म्हणजे हजार जंत रोज ५० मिली रक्त संपवतात. करडे-कोकरे आणि नुकत्याच व्यालेल्या माद्या आधी खचतात.

म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी भर उजेडात प्रत्येक जनावराची खालची पापणी उलटून पाहा. आतला भाग लाल असेल तर ठीक, फिकट गुलाबी असेल तर शंका घ्या, पांढरट दिसला तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज येते तोवर बराच उशीर झालेला असतो. गोचीड, उवा किंवा यकृतातील पर्णकृमींमुळेही पापणी फिकी पडते, तेव्हा लेंडी तपासून त्यातली जंतांची अंडी मोजून घ्या. नमुना जमिनीवरचा उचलू नका. थेट गुदद्वारातून ३ ते ५ ग्रॅम घेऊन थंड ठेवा, पण गोठवू नका. उबेत अंडी एका दिवसात फुटतात आणि मोजणी चुकते.

हिमोंकसची मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. उबदार ओलाव्यात आठवडाभरात त्यांतून संसर्गक्षम अळ्या तयार होतात आणि गवताच्या पात्यावरच्या पाण्यातून वर चढतात. त्या बहुतेक जमिनीपासून ५ सेंमीपर्यंतच असतात. गवत ८-१० सेंमी उरले की कळप तिथून हलवा. दव वाळल्यावरच चरायला सोडा. झाडपाला जितका जास्त द्याल तितके चांगले.

औषध अंदाजाने पाजणे ही सर्वांत मोठी चूक. कमी मात्रेत दुबळे जंत मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. आधी वजन करा. मेंढीला अल्बेंडाझोल या जंतनाशकाची मात्रा साधारणपणे किलोला ७.५ मिग्रॅ असते, २.५ टक्क्यांचे द्रावण असेल तर ३० किलोच्या मेंढीला ९ मिली. शेळीचे शरीर औषध लवकर बाहेर टाकते, त्यामुळे मेंढीची मात्रा तिला पुरत नाही. ती पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्या. गाभण काळाच्या सुरुवातीला अल्बेंडाझोल देऊ नका, गर्भात व्यंग येऊ शकते. पाजताना नळी जिभेच्या मागच्या भागावर ठेवा, पण डोके फार वर उचलू नका. औषध श्वासनलिकेत जाते.

१० ते १४ दिवसांनी त्याच जनावरांची लेंडी पुन्हा तपासा. अंडी फारशी घटली नसतील तर तेच औषध परत पाजू नका. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेगळ्या गटातले निवडा.