कमी पाण्याचा कमोड घेताय? या चुका टाळा

कुणाच्या घरी कमोडची तक्रार बघायला गेलो की मी सगळ्यात आधी शेजारची बादली बघतो. बादली काठोकाठ भरलेली आणि पाण्याचा मग तिच्यावर पालथा घातलेला दिसला की पुढचं विचारावंच लागत नाही. घरात कमी पाण्याचा फ्लश बसवलाय आणि तो एका दमात काम करत नाहीये.

पुण्यात प्लंबिंगची कामं घेऊन मला वीसेक वर्षं झाली. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की फोन येतात, ‘कमी पाण्याचा कमोड सुचवा.’ सुचवतो. पण लोकांना खोक्यावरचा आकडा हवा असतो. ६/३ म्हणजे मोठ्या बटणाला ६ लिटर, लहानाला ३. ६/३ लिटरपेक्षा ४/२ भारी, मग तोच द्या. अहो, ६ लिटरवाला एकदा दाबून मोकळा होत असेल आणि ४ लिटरवाला दोनदा दाबावा लागत असेल, तर पाणी कुणी वाचवलं?

टाकी नवी, भांडं जुनं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. पेठेतली जुनी इमारत, तिसरा मजला, ऐंशीच्या दशकातलं भांडं. कुठे चीर नाही, डाग नाही, काकूंनी आरशासारखं ठेवलेलं. त्यावरची १० लिटरची टाकी गळायला लागली, म्हणून काकांनी ६/३ ची प्लास्टिकची टाकी आणली आणि तासाभरात बसवून घेतली. तीन महिन्यांनी मला बोलावलं, ‘टाकी डिफेक्टिव्ह निघाली’ म्हणून.

टाकीला काही झालं नव्हतं. मी काकूंना विचारलं, वापरता कसं? म्हणाल्या, “आधी मोठं बटण. मग टाकी भरेपर्यंत थांबायचं, परत मोठं बटण. आणि राहिलंच तर ही आहे,” आणि बादलीकडे बोट दाखवलं. सहा आणि सहा बारा, वर अर्धी बादली धरा. जिथे १० लिटरमध्ये भागत होतं तिथे वीसच्या आसपास पाणी जात होतं, आणि काका खालच्या मजल्यावर सांगत होते की आम्ही डबल फ्लश बसवलाय.

जुन्या भांड्याचा ट्रॅप (खालची पाणी धरून ठेवणारी वाकडी नळी), त्याचा बाक, वरच्या कडेतून पाणी उतरण्याच्या वाटा हे सगळं १० लिटरच्या लोंढ्यासाठी घडवलेलं असतं. त्यात ६ लिटर सोडलं की पाणी नुसतं फिरतं, ढकलत नाही. टाकी आणि भांडं ही जोडी आहे. बदलायची तर दोन्ही बदला, एकाच कंपनीचं आणि एकाच मॉडेलचं घ्या.

काका भांडं फोडायला तयार नव्हते. मग मी परत १० लिटरची टाकी लावली आणि बॉल कॉकची, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या चेंडूची, दांडी थोडी थोडी खाली वाकवत नेली, म्हणजे टाकी कमी भरते. प्रत्येक वेळी टिश्यूचे चार गोळे टाकून फ्लश करायचा आणि टाकी लिटरच्या खुणांच्या बादलीने भरून बघायची. साडेआठला थांबलो, त्याखाली गोळे परत वर येत होते. दीड लिटर वाचलं, पण खरं वाचलं. या कामात अख्खी दुपार गेली. हल्लीच्या पोरांना एवढा दम नसतो, आणि गिऱ्हाइकाला तर त्याहून नसतो.

माप न घेता खरेदी

सेल लागला, कमोड मागवला, आता बसवून द्या. आउटलेट, म्हणजे मैला बाहेर जायचं भोक, जमिनीत आहे की भिंतीत, हेच माहीत नसतं. जमिनीत असेल तर एस ट्रॅप, भिंतीत असेल तर पी ट्रॅप. एस ट्रॅपमध्ये भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर बघायचं. आपल्याकडे बाजारात ४, ९ आणि १२ इंचाचे कमोड मिळतात. भोक ९ इंचावर आणि कमोड १२ चा असेल तर तो मागे भिंतीला टेकतो आणि भोकावर येतच नाही. मग गवंडी मधे वाकडातिकडा जोड घुसवतो. आधीच पाणी कमी, त्यात वाट वाकडी. महिन्याभरात तुंबलं म्हणून फोन.

दुसऱ्याला कशाला नावं ठेवू, सुरुवातीला मीही यात सापडलोय. कच्च्या विटांच्या भिंतीपासून माप घेतलं, बरोबर ९ इंच. नंतर प्लास्टर झालं, टाइल लागली, दीड इंच त्यात गेलं. कमोड आला आणि बसेना. नवी कोरी टाइल फोडून लाइन सरकवली, खिशातून पैसे घालून. तेव्हापासून टाइल लागल्यावर एकदा माप घेतो आणि कमोड उतरवायच्या आधी पुन्हा एकदा. गिऱ्हाईक हसतं, हसू दे.

खालच्या लाइनचा विचारच नाही

बंगलेवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. कमोडपासून चेंबर तीस-चाळीस फूट लांब आणि लाइनला उतार नाही, तर ४ लिटरचा फ्लश भांडं साफ करेल आणि माल पाइपात मधेच सोडून देईल. चार इंची लाइनला मी चाळीस फुटाला एक फूट उतार धरतो. जुनी लाइन लांब आणि सपाट असेल तर ६/३ वरच थांबा.

बाकीचं भराभर सांगतो. पाणी वाचवायला टाकीत वीट टाकू नका, तिचा भुगा टाकीच्या तळाशी पाणी अडवणाऱ्या रबरी वॉशरखाली अडकतो. पाण्याची बाटली चालते, पण जुन्या मोठ्या टाकीतच. भिंतीतली टाकी हवी असेल तर जिथून दुरुस्तीला हात जाईल ती बटणाची प्लेट कपाटामागे घालू नका. वरच्या टाकीवर थेट चालणाऱ्या दांड्याच्या फ्लश व्हॉल्व्हमध्ये जितका वेळ हात तितकं पाणी. लहान मुलं असतील तर विसरा. आणि घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांनासुद्धा, लहान बटण कशासाठी आहे ते एकदा सांगा. निम्मे लोक दोन्ही बटणं एकदम दाबतात.

हिशेब बघा. चार माणसं, माणशी पाच वेळा. १० लिटरने दिवसाचे २०० लिटर. ६/३ मध्ये एकदा मोठं आणि चारदा लहान बटण धरलं तर माणशी १८, घराचे ७२. सरकारी हिशेबात माणशी रोजच्या १३५ लिटरपैकी ४५ फ्लशसाठी धरतात, म्हणजे तुम्ही निम्म्याच्याही खाली आलात.

गळती, जी ऐकू येत नाही

ही सगळी बचत एक खराब वॉशर गिळून टाकू शकतो. बोअरच्या पाण्याचे क्षार वॉशरवर बसतात, तो नीट टेकत नाही आणि पाणी भांड्याच्या मागच्या बाजूने कसलाही आवाज न करता उतरत राहतं. मी रात्री झोपायच्या आधी टाकीत जिलबीचा रंग चिमूटभर टाकायला सांगतो. नंतर कुणी फ्लश करायचा नाही. सकाळी भांड्यातलं पाणी केशरी दिसलं तर वॉशर गेला. काही जण टाकीत निळ्या गोळ्या टाकतात; क्लोरिनवाल्या असतील तर त्याच रबर खातात, आणि वर रंगीत पाण्यामुळे गळतीही समजत नाही.

पेठेतल्या काकूंनी रंगाची पुडी आता बाथरूमच्या खिडकीतच ठेवलीय. बादली मात्र हलवली नाही. सवय, म्हणाल्या.