जुनी गेम कॅसेट उलटी करून बघा

रविवारी संभाजीनगरच्या जाफर गेट बाजारात भंगाराच्या ढिगात, रिमोट-चार्जरच्या गुंत्याखाली, कधीकधी टीव्ही गेमची पिवळी कॅसेट हाती लागते. वरच्या चित्रावर जाऊ नका. ‘9999999 इन 1’ लिहिलेलं असलं तरी आत मोजकेच गेम फिरून फिरून येतात. कॅसेट उलटी करून पिना, म्हणजे खालच्या फटीतल्या धातूच्या बारीक पट्ट्या, मोजा. दोन्ही बाजूंना 30-30, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्ही गेमच्या डब्याला चालणारी. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या अमेरिकेतल्या गेमची कॅसेट 72 पिनांची असते, ती बसतच नाही. पिना काळ्या दिसल्या तर भाव पाडा, पण कॅसेट सोडू नका. घरी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकाडी बुडवून पुसायच्या, नीट वाळू द्यायच्या. लहानपणी मारायचो तशी फुंकर नको. ओलाव्यानं पिना गंजतात. आणि ‘कॉन्ट्रा’ या गाजलेल्या गोळीबाराच्या गेमची कॅसेट दिसली, तर घासाघीस करत बसू नका राव.