खोलीत घुमणारा पखवाज गाडीत गायब: माझा अनुभव

कुडाळजवळ, चिऱ्याच्या 10 बाय 8 फुटी खोलीत दशावताराचं संगीत मिक्स करतो. खोलीत पखवाज घुमायचा, म्हणून मिक्समध्ये खर्ज कमी करायचो आणि गाडीत तो पोकळ. 8 इंची मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) आणले, घुमणं वाढलंच. भिंतीला अंड्याचे ट्रे लावले. खर्जाला ते काय अडवणार! वैताग आला.

10 फूट लांबीत 56 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज फुगतो, भिंतीलगत सर्वांत जास्त. म्हणून:

आधी टेबल कोपऱ्यातून काढून आखूड भिंतीच्या मधोमध. मग कान समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर. नंतर 5 इंची, पुढे पोर्ट (हवेचं भोक) असलेले मॉनिटर, दोन मॉनिटर आणि डोकं मिळून तीन-तीन फुटांचा त्रिकोण, ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर. चारही कोपऱ्यांत जाड रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर (पावसाळ्यात ओल तपासा). शेवटी मॉनिटरच्या मागचं लो-फ्रिक्वेन्सी (खर्जाचं) बटण उणे 2 डेसिबलवर.

आता गाडीतही पखवाज तेवढाच भरीव वाजतो.