‘एस्पी’ दिसलं की लगेच ‘हेर’ लिहू नका: मध्ययुगीन इंग्रजीतला एक शब्द कसा वाचावा

मध्ययुगीन इंग्रजी वाचताना ‘एस्पी’ हा शब्द आला की हात आपोआप ‘हेर’ लिहायला जातो. पुष्कळदा ते बरोबरही निघतं. पण काही ठिकाणी तिथे माणूस नसतोच. तिथे दबा असतो, पाळत असते, नाहीतर एका हेराऐवजी खबऱ्यांचं अख्खं जाळं असतं. चूक चटकन लक्षात येत नाही, कारण ‘हेर’ घालूनही वाक्य जेमतेम उभं राहतं. म्हणून आधी शब्दलेखन पाहावं, मग वाक्यातलं त्याचं काम, मग मूळ लॅटिन किंवा फ्रेंच, आणि मराठी शब्द अगदी शेवटी ठरवावा.

आधी शब्द सापडायला हवा

एकच शब्द निदान तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. ई-एस-पी-आय-ई म्हणजे ‘एस्पी’, ए-एस-पी-आय-ई म्हणजे ‘अस्पी’, आणि पुढचा स्वर गळून उरलेला एस-पी-आय-ई म्हणजे ‘स्पी’. यातल्या ‘आय’च्या जागी ‘वाय’ सर्रास येतो, म्हणजे ही सहा रूपं झाली. कोशात किंवा छापील सूचीत शोधताना ‘ई’, ‘ए’ आणि ‘एस’ अशा तिन्ही अक्षरांखाली पाहिल्याशिवाय शब्द नाही असं म्हणू नये.

पुढचा स्वर कुठून आला हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’ होतं, ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ होतं. जुन्या फ्रेंचला हीच खोड होती. शब्दाच्या सुरुवातीला ‘स’ आणि त्याला जोडून व्यंजन आलं की ती आधी एक ‘ए’ हा स्वर (लेखनात ‘ई’ अक्षर) लावून मोकळी होई. फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतलं ‘पाहणं, टेहळणं’ या अर्थाचं क्रियापद फ्रेंचमध्ये ‘एस्पिए’ झालं ते असंच. इंग्रजीने १३व्या शतकात शब्द उचलला तेव्हा हा स्वर सोबत आला. त्याच्यावर आघात नव्हता, त्यामुळे कुठे तो ‘अ’सारखा झाला, कुठे सरळ गळला. ‘एस्क्वायर’ आणि ‘स्क्वायर’, ‘इस्टेट’ आणि ‘स्टेट’, ‘एस्पेशल’ आणि ‘स्पेशल’ या जोड्या त्याच घरातल्या.

हस्तलिखितात यामुळे एक खरा घोळ होतो. लेखनिक शब्दांमधली जागा आपल्यासारखी सोडत नसत. ‘अस्पी’ हा अख्खा शब्द आहे की ‘अ’ हे उपपद आणि पुढे ‘स्पी’, हे नुसतं बघून ठरत नाही. त्यावर उपाय म्हणजे त्याच लेखनिकाच्या हातची अनेकवचनं शोधायची. अनेकवचनापुढे ‘अ’ हे उपपद येऊच शकत नाही. तेव्हा तिथेही सुरुवातीला ‘अ’ असेल तर तो शब्दाचाच भाग. उलट बाजूने ‘द’ हे उपपद पुढच्या स्वराला चिकटून ‘देस्पी’ असा एकच शब्द लिहिलेला दिसतो. टी-एच-ईने सुरू होणारा अनोळखी शब्द कोशात सापडेना, तर पहिली दोन अक्षरं काढून पुन्हा शोधा.

हे शोधकाम सर्वसाधारण सर्च इंजिनवर करू नये. ए-एस-पी-आय-ई ही नेमकी अक्षरं आज अॅस्पर्गर सिंड्रोमशी निगडित एका बोली शब्दाची आहेत, आणि सगळं पान त्यानेच भरून जातं. मिशिगन विद्यापीठाची ‘मिडल इंग्लिश डिक्शनरी’ ऑनलाइन फुकट आहे, तिथेच जावं. तिच्यातल्या उताऱ्यांपुढे कधी दोन सालं दिसतात. बाहेरचं साल हस्तलिखिताचं आणि कंसातलं मूळ रचनेचं. शब्द कधी रूढ झाला हे सांगताना कुठलं साल धरलं, ते स्वतःच्या टिपणात लिहून ठेवा. नाहीतर दोनेक पिढ्यांची चूक सहज होते.

मुळात हा माणसाचा शब्द नव्हे, नजरेचा

शब्दाचं मूळ ‘पाहणं’ या अर्थाच्या धातूत आहे. जर्मनमधलं ‘श्पेहेन’, लॅटिनमधलं ‘स्पेकेरे’ आणि संस्कृतातलं ‘पश्यति’ ही सगळी त्याचीच पिलावळ. संस्कृतात ‘स्पश’ म्हणजे थेट हेर. ऋग्वेदात वरुणाच्या भोवती त्याचे स्पश बसलेले आहेत. म्हणजे इंग्रजी ‘स्पाय’ आणि वेदातला ‘स्पश’ हे लांबचे का होईना, पण रक्ताचे नातेवाईक.

फ्रेंचमध्ये ‘एस्पी’ हे एकच नाम टेहळणीच्या कृतीलाही चाले आणि ती करणाऱ्या माणसालाही. इंग्रजीत ही दुहेरी सोय तशीच उतरली, आणि सगळी गल्लत तिथूनच सुरू होते. त्याआधीच्या इंग्रजीत ‘शेआवेरे’ असा घरचा शब्द होता. ‘पाहणारा’ आणि ‘हेर’ असे दोन्ही अर्थ त्यालाही होते, आणि आजचं ‘शो’ हे क्रियापद त्याच मुळाचं आहे. नॉर्मन राजवटीनंतर फ्रेंच शब्दाने त्याला मागे टाकलं.

क्रियापदाच्या बाबतीत मराठीने आपलं काम सोपं करून ठेवलंय. ‘एस्पायेन’ म्हणजे हेरगिरी करणं असं समजून १४व्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर वाचायला घेतला तर त्याची निम्मी पात्रं गुप्तचर वाटू लागतील. तिथे बहुतेक वेळा अर्थ असतो ‘ध्यानात येणं, पत्ता लागणं, नजरेने टिपणं’. आपण ‘संधी हेरली’, ‘गिऱ्हाईक हेरलं’ म्हणतो तेव्हा कुणी वेषांतर करून गेलेलं नसतं. ‘हेर’ आणि ‘हेरणे’ यांच्यात मराठीत जे अंतर आहे, तेच ‘एस्पी’ आणि ‘एस्पायेन’ यांच्यात आहे. क्रियापद आलं की आधी ‘हेरलं’ घालून पाहा, फार वेळा तेच चपखल बसतं.

वाक्यात तो काय करतो ते पाहा

नामाच्या बाबतीत तीन प्रश्न विचारायचे. शब्दाला ‘-एरे’ असा कर्त्याचा प्रत्यय आहे का? त्याला पाठवलं, पकडलं, पैसे दिले असं काही घडतंय का? की त्याच्याविषयी कुणी ‘ऐकलं’, तो ‘उघड झाला’, कुणी ‘त्यात बसलं’ असं म्हटलंय? पहिल्या दोहोंत माणूस असतो, तिसऱ्यात बहुधा कृती.

विक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या परंपरेतलं बायबल ही या सरावाची उत्तम जागा आहे. १४व्या शतकाच्या शेवटी व्हल्गेटवरून, म्हणजे चर्चच्या रूढ लॅटिन बायबलवरून, केलेलं हे भाषांतर, त्यामुळे प्रत्येक शब्दामागचं लॅटिन हाताशी असतं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २३, वचन १६ घ्या. पौलाला ठार मारायचा कट शिजलाय, आणि त्याच्या बहिणीच्या मुलाने ‘अस्पीज’ ऐकले, असं इंग्रजी वाक्य आहे. इथे ‘हेर ऐकले’ म्हणायला जीभ वळत नाही, तरी ओढूनताणून ‘हेरांविषयी ऐकलं’ असं करणारे भेटतात. शेजारी व्हल्गेट ठेवली की तिथे ‘इन्सिदियास’ हा शब्द दिसतो, म्हणजे दबा, घातपाताचा डाव. भाच्याच्या कानावर आला तो दबा धरल्याचा बेत. त्याच पुस्तकाच्या अध्याय ९, वचन २४ मध्ये शौलाला, म्हणजे याच पौलाला, लोकांचे ‘अस्पीज’ कळले, तिथेही तोच लॅटिन शब्द आणि तोच अर्थ.

आता यहोशवा, अध्याय २, वचन १. यहोशवाने शिट्टीमहून दोन माणसं पाठवली, त्यांना ‘अस्पीएरिस’ म्हटलंय. ‘-एरे’ प्रत्यय आहे, पाठवण्याची क्रिया आहे, आणि लॅटिन ‘एक्सप्लोरातोरेस’. इथे बिनदिक्कत ‘हेर’ लिहा. उत्पत्ती, अध्याय ४२, वचन ९ मध्ये योसेफ भावांवर जो आरोप करतो, तिथेही लॅटिन हेच आहे.

पण प्रत्ययावरही आंधळा भरवसा ठेवू नका. लूक, अध्याय २०, वचन २० मध्ये येशूला शब्दात पकडण्यासाठी साळसूदपणाचं सोंग घेतलेली माणसं पाठवतात. इंग्रजीत पुन्हा ‘अस्पीएरिस’, मात्र लॅटिन ‘इन्सिदियातोरेस’, म्हणजे टपून बसणारे, घात करणारे. माणूस आहे हे खरं, पण तो परमुलखाची माहिती काढायला गेलेला नाही. ‘टपून असलेली माणसं’ किंवा ‘पाळतीवरचे लोक’ असं म्हटलं तरच वाक्यातला विखार उतरतो.

लॅटिन हिशेबवह्यांत ‘एक्सप्लोरातोर’ दिसला, तरी तोही सैन्यापुढे जाणारा टेहळ्या असू शकतो. रोमन सैन्यापासून या शब्दाला ते दोन्ही अर्थ आहेत. तिथे शब्दापेक्षा प्रवासाकडे पाहा. माणूस फौजेच्या पुढे काही कोस जाऊन परतला, की शत्रूच्या शहरात राहून आला? कायद्याच्या किंवा दरबारी फ्रेंचसाठी ‘अँग्लो-नॉर्मन डिक्शनरी’ वापरावी, तीही ऑनलाइन खुली आहे. पॅरिसच्या फ्रेंचचा कोश इंग्लंडमधल्या फ्रेंच कागदाला लावला की छटा हुकतात.

‘एस्पियाय्ल’: एकवचनात लपलेली टोळी

सगळ्यात रंगतदार भानगड इथे आहे. ‘एस्पी’ला फ्रेंच ‘-आय्ल’ हा प्रत्यय लागून हा शब्द झाला, आणि तो इंग्रजीत १४व्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. हा प्रत्यय कृतीही दाखवतो आणि समूहही. ‘रास्काय्ल’ म्हणजे आधी हलक्या लोकांचा घोळका होता. पुढे त्यातला एकेकटा माणूस ‘रास्कल’ झाला. ‘एस्पियाय्ल’चा प्रवास अगदी तसाच झाला: आधी हेरगिरी आणि हेरांचा ताफा, मग एकटा ‘एस्पायल’, आणि त्याचं वेगळं अनेकवचन. म्हणून एकवचन दिसलं तरी एकच माणूस धरू नका. निदान १४००च्या आसपासच्या मजकुरात तर नाहीच.

चॉसरने १३८७च्या सुमारास हाती घेतलेल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये तीन जागा शेजारी ठेवून पाहाव्यात. ‘पार्डनर’च्या (पापमाफीपत्रं विकणाऱ्याच्या) गोष्टीत तीन उनाड पोरं एका म्हाताऱ्याला दरडावतात की तू मृत्यूचा ‘एस्पी’ आहेस, तो कुठे आहे ते सांग. इथे माणूस, एकच, आणि उघड उघड शत्रूचा हस्तक: ‘हेर’ बरोबर. ‘मेलिबी’च्या गद्यात सल्ला आहे की छुपे हल्ले आणि सगळ्या ‘एस्पियाय्ल’पासून सावध राहा. इथे कृती आहे, तेव्हा ‘हेरगिरी’ किंवा ‘पाळत’.

तिसरी जागा ‘फ्रायर’च्या (भिक्षूच्या) गोष्टीतली. चर्चच्या न्यायालयाचं समन्स बजावणारा एक भ्रष्ट कर्मचारी आहे. त्याच्याकडे धूर्तपणे जमवलेली ‘एस्पियाय्ल’ होती आणि फायदा कुठे आहे ते ती त्याला शिकवी, असं चॉसर म्हणतो. शब्द एकवचनी. पण दोनच ओळी पुढे जा. एखाद-दोन बदफैली लोकांना तो सोडून देई, कारण ते त्याला आणखी चोवीस जण दाखवून देत. आणखी पुढे कुंटण्याही त्याच्या हाताशी तयारच आहेत. म्हणजे इथे ना युद्ध, ना परराज्य, ना एकटा हेर. पोलिसी भाषेत ज्यांना आपण ‘खबरी’ म्हणतो, त्यांचं हे जाळं. ‘त्याने खबऱ्यांचं जाळं विणलं होतं’ हे मराठी वाक्य चॉसरच्या जितकं जवळ जातं, तितकं ‘त्याचा एक हेर होता’ हे जात नाही. ‘हेर’ म्हटल्याने त्या फडतूस माणसाला उगाच दरबारी रुबाब चढतो.

१५व्या-१६व्या शतकातल्या पत्रांत, विशेषतः सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यांच्या, ‘माझ्या एस्पायल्सकडून कळतं की’ असा साचा दिसतो. अनेकवचन स्पष्ट आहे, आपले पगारी लोक आहेत, बातमी वर धाडली जाते आहे. इथे ‘बातमीदार’ हा शब्द जास्त प्रामाणिक आहे. आजच्या वाचकाला तो वर्तमानपत्राचा वाटेल अशी भीती असेल तर ‘माझे हेर’ चालेल, पण पत्रभर तोच शब्द ठेवा.

शेजारचे शब्द गुंतवू नका

‘स्काउट’ हा फ्रेंचमधल्या ‘ऐकणं’ या क्रियापदातून आला, ‘स्पाय’ ‘पाहणं’ यातून. एक कान, दुसरा डोळा. वापरात मात्र दोन्ही एकमेकांत मिसळलेले आहेत. शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’, भाग १, अंक ४, प्रवेश ३ मध्ये यॉर्क विचारतो की ‘स्काउट’ परतले का. दूत म्हणतो परतले, आणि त्याच दमात सांगतो की तुमच्या ‘एस्पायल्स’नी आणखी दोन मोठ्या तुकड्या पाहिल्या. ही दोन वेगळी पथकं आहेत, की एकाच लोकांची दोन नावं? दोन्ही वाचनं शक्य आहेत. म्हणून मराठीतही ‘टेहळे’ आणि ‘हेर’ असे दोन शब्द ठेवावेत, सोय म्हणून एक करून टाकू नये.

‘एस्पिओनाज’ हा शब्द इंग्रजीत १८व्या शतकाच्या अखेरीला आला. १४व्या शतकाविषयी लिहिताना तो आपल्या वाक्यात वापरायला हरकत नाही, पण त्या काळच्या माणसाच्या तोंडी घालू नये.

‘एस्पायल’ आणखी कुठे आढळतो याची उत्सुकता असेल तर ‘हॅम्लेट’चा अंक ३, प्रवेश १ उघडा. ओफिलिया आणि हॅम्लेटची भेट चोरून पाहायला राजा आणि पोलोनियस लपणार आहेत. राजा राणीला सांगतो की ओफिलियाचा बाप आणि मी, ‘लॉफुल एस्पायल्स’. ‘कायदेशीर’ हे विशेषण आधी लावावं लागतं, यावरूनच तोवर शब्दाला किती वास येऊ लागला होता ते कळतं. मराठीत ‘हक्काचे हेर’ असं करून पाहता येईल. हे दोन शब्द १६२३च्या फोलिओत (मोठ्या आकाराच्या, नाटकांच्या संग्रहात) आहेत, १६०४-०५च्या क्वार्टोत (एकट्या नाटकाच्या लहान आकाराच्या छापील प्रतीत) नाहीत. तुमच्या प्रतीत ते सापडले नाहीत, तर संपादकाने कोणती संहिता घेतली आहे ते प्रस्तावनेत बघा.